सुटलेल्या गाडीचे पैसे

मंगळवार, ता. ९

नाही हो, मी उशिरा नाही पोचले. मुलाकडे जायची गाडी वेळेवर सुटली — त्यात माझा काय दोष? आजवर कधी सुटली होती वेळेवर?

तिकीट खिडकीतल्या चष्मेवाल्याला हेच सांगितलं. म्हणाला, आजी, नियम बदललाय. पूर्वी गाडी गेल्यावर आलात तरी थोडे कापून बाकीचे पैसे मिळायचे. आता नाही. जायचं नसेल तर आदल्या दिवशी येऊन सांगायचं.

मी म्हटलं, "बाळा, गाडी चुकणार हे आदल्या दिवशी कळलं असतं, तर चुकली असती का?"

मागची रांग हसली. तो नाही हसला. खिडकीत जेवणाच्या सुट्टीची पाटी ठेवून उठून गेला.

बुधवार, ता. १०

सकाळपासून डोकं तापलेलं. काजं करताना बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पडला, तो पण खालच्या शिंप्याकडून कामाला आलेल्या पांढऱ्या शर्टावर!

मी गेले नाही, पण माझी जागा तर गेली ना! पुढच्या स्टेशनावर कुणीतरी तिथं ऐसपैस बसलं असणार. त्याच्याकडूनही पैसे घेतले असणार. एकच जागा दोघांना विकायची आणि वर मलाच नियम शिकवायचा. आमच्या शिंप्यानं एक शर्ट दोन गिऱ्हाइकांना विकून बघावा — कात्रीसकट उचलून बाहेर टाकतील.

शिंप्याला शर्ट द्यायला गेले तर तो म्हणतो, "पण काकू, मी तर तुम्हाला गाडीच्या कितीतरी आधी स्टेशनवर सोडलं होतं."

म्हटलं, तू बाह्या नीट लाव. डावी उजवीकडे लावतोस.

शुक्रवार, ता. १२

मुलाचा फोन. आता कायमचं त्याच्याकडेच राहायचं म्हणे. खोली महिनाअखेर रिकामी होईल, हे घरमालकाला परस्पर कळवून मोकळा झालाय. मला त्या घरमालकाकडून कळलं, जिन्यात! शिंप्याचं काम कोण करणार, मुलाला विचारलं तर हसला. म्हणाला, या वयात बटणं कशाला लावतेस. आणि ते तिकिटाचे पैसे जाऊ देत, मी दुसरं काढतो, तुला काय कळतं त्यातलं.

मी सांगून टाकलं — जुन्याचे पैसे परत मिळेपर्यंत नवं तिकीट काढायचं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

'तत्त्व' हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा तोंडातून काढला. जड आहे. पण कामाला आला. त्यानं फोन बाजूला ठेवून दिला.

मग सूनबाईनं फोन घेतला. लांब जाऊन बोलत असावी. हळूच म्हणाली, "आई, भांडा तुम्ही. सावकाश भांडा."

गुणाची पोर.

सोमवार, ता. १५

पुन्हा खिडकी. चष्मेवाल्यानं मला पाहिलं आणि चष्माच काढून ठेवला.

गाडी रद्द झाली होती का? नाही. उशिरा आली? नाही. मग झालं काय? म्हटलं, सुटली.

"सुटली म्हणजे? तुमची चुकली, की तुम्ही सोडली?"

बघा! 'चुकली' म्हटलं तर चूक माझी. 'सोडली' म्हटलं तर मर्जी माझी. दोन्हीकडून पैसे त्यांचेच! मी म्हटलं, अरे, एखाद्याची नाडी सुटली तर त्याला विचारतोस का, चुकली की सोडली म्हणून? सुटली म्हणजे सुटली!

रांगेतली एक बाई इतकी हसली की तिच्या कडेवरचं पोरही हसायला लागलं. चष्मेवाला लालेलाल. वरच्या साहेबांना भेटा म्हणाला, पण एकदा गाडी गेली की कुणालाच पैसे देत नाहीत आता. तुम्हालाही नाही मिळायचे.

नाही मिळायचे! काय हा अन्याय!

येताना बटणं घेतली. दोन-तीन महिने पुरतील एवढी.

मंगळवार, ता. १६

पाय दुखतात. कुठं गेले नाही. भांडणाला एक दिवस सुट्टी.

गुरुवार, ता. १८

घात झाला.

मुलानं थेट वरच्या साहेबाला गाठलं. आई म्हातारी, एकटी, स्टेशनवर गोंधळली, डबा सापडला नाही — काय वाट्टेल ते सांगितलं माझ्याबद्दल. साहेबाला पाझर फुटला. खास बाब म्हणून पैसे मंजूर!

गोंधळली? मी? बाकावर नीट बसले होते. डबा समोर, दार उघडं. शिट्टी झाली तीही ऐकली. आत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हात केला, त्याला मीही हात केला.

तशीच खिडकीवर गेले. म्हटलं, नियम म्हणजे नियम, माझ्यासाठी मोडता कसा? उद्या सगळेच रडत येतील!

चष्मेवाला बघतच राहिला. "आजी, एकदा काय ते सांगा. तुम्हाला पैसे हवेत की नकोत?"

पिशवी उचलून घरी आले. मुलाचा निरोप आलेला — रविवारी तो स्वतः न्यायला येतोय.

शनिवार, ता. २०

शिंप्याला वाटतं, सुनेचा जाच असणार. सगळ्या गल्लीला तेच वाटतं. मी वाटू दिलं. सोपं पडतं.

सुनेचं आणि माझं छान जमतं. मला मुलगाच सोसत नाही. तो बोलायला लागला की त्याचा बापच बोलतो. तोच आवाज, तोच हुकूम. बाप गेला तेव्हा मी चारचौघांसमोर खूप रडले. महिन्याभरानं कुणाला न विचारता चपला घातल्या, बाहेर पडले, आणि कोपऱ्यावर उभी राहून एकटीच हसले.

मुलावर जीव आहे माझा. पण त्या माणसाबरोबर मी एकदा राहिलेय. पुन्हा राहणार नाही.