कपाला लाल दोरा

३ फेब्रुवारी
सुनेच्या रक्ताचा रिपोर्ट आला — हिपॅटायटिस बी! सातवा महिना, आणि हे. म्हणजे कावीळच की. पण डोळे तर पांढरेशुभ्र! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे पिवळे न होताही असते. बाळ जन्मलं की बारा तासांच्या आत दोन इंजेक्शनं. विसरायचं नाही." सुनेने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

कुठून आणली हिने? आमच्या घरात कधी कुणाला नव्हती.

४ फेब्रुवारी
तिच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधला. गिऱ्हाइकांच्या कापडांना बांधते तसाच. चाळीस वर्षं शिवते आहे, एकीचा ब्लाउज दुसरीला गेला नाही कधी. खूण केली की काळजी मिटली.

तिने दोरा पाहिला, चहा प्यायली, कप धुऊन वेगळा पालथा घातला. भांडली असती तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी
चिरंजीव तणतणले. "आई, कपाने नाही पसरत! रक्तातून पसरते, नाहीतर आईकडून बाळाला. नीट ऐकलंस का तू?" लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत आणि मला अक्कल शिकवतो! मीही ऐकवलं — बाळंतपण होईपर्यंत तिला माहेरी पोचव. रविवारीच.

७ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंचा हुकूम — घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासायचं. मला कशाला? मी ठणठणीत! तरी गेले, उगाच आपल्याकडे बोट नको. रक्त घेणारी म्हणाली, "घाबरू नका हं मावशी." म्हटलं, "बाई गं, जन्मभर सुया टोचून घेतल्यात, तुझी एक काय!" हसली.

घरी आले तर सून बॅग भरत होती. मी शिवलेली झबली तळाशी, नीट घड्या घालून. 'राहू दे' म्हणणार होते. जीभच रेटेना.

८ फेब्रुवारी
एकच बाही दोनदा उसवली.

९ फेब्रुवारी, शनिवार
रिपोर्ट आले. मुलाला आहे. मलाही आहे — जुनी. बहुधा जन्मतानाच माझ्याकडून त्याला, आणि लग्नानंतर त्याच्याकडून तिला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा खूण चुकली. दोरा कापला. बॅग दारातच आहे. तिला 'राहा' म्हणायचंय — कुठल्या तोंडाने म्हणू?