आट्यांच्या तळाचं माप

बाबा, आज साकोलीच्या घरी पाण्याच्या टाकीसाठी भिंतीत आधार बसवायला मिस्त्री आला. त्याने बाजारातला पूर्ण आटे पाडलेला रॉड आणला होता. मी नकळत आट्यांत नख घालून पाहिलं आणि म्हटलं, "वजन आडवं येणार. भिंतीपाशी साधा रॉड ठेवा, आटे फक्त नटापुरते." तो हसला. "मॅडम, तुमाले हे कोणं सांगतलं?" "माझ्या बाबांनी," मी म्हटलं, आणि तेव्हापासून कामात लक्ष नाही.

माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं ते चित्र पुन्हा समोर येतं: सानगडीच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही तापाने पडलेले आहात. मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या सुट्टीत घरी आले आहे. राइस मिलच्या चाळणीजवळ उभं राहायला फळी हवी आहे, भिंतीतून काढलेल्या दोन रॉडवर टेकवलेली. वजन किती येईल ते तुम्ही बाजेवरूनच सांगता. "आटे पाडले का तेवढं लोखंड गेलं, बाई. आडवं वजन आलं का रॉड आट्यातूनच वाकते. माप तळाचं घेजो." आट्यांचे तयार रॉड समोर होते. तेच घेऊन मी वहीतल्या हिशेबात त्यांची जाडी सोळा मिलिमीटर मांडली, बाहेरून मोजलेली. तळाशी, म्हणजे आट्यांमधल्या खाचेत, रॉड जेमतेम साडेतेरा भरला असता, आणि वाकण्याची ताकद व्यासाच्या घनाने घटते हे मी परीक्षेत लिहून आले होते.

चार दिवसांनी रॉड वाकले. फळीवरून पडून चाळणीवरच्या काकूंचं मनगट मोडलं. मिलवाले सगळ्यांदेखत म्हणाले, "मिस्त्री, आता घरी बसा तुम्ही." तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "वजनाचा अंदाज माझाच चुकला, सेठ." त्या मिलने तुम्हाला पुन्हा बोलावलं नाही. पुढे कित्येक दिवस जेवता जेवता तुम्ही थांबायचात. "दोन माणसं धरून सांगतलं होतं वजन. मंग काहून वाकला असन?" आई म्हणायची, "जेवा ना आता." मी ताटात बघत राहायची. रॉड वाकले त्याच संध्याकाळी मी वही उघडून पाहिली होती; तिथे बाहेरचं सोळाच मांडलेलं होतं.

तुम्ही मला वाचवण्यासाठी दोष घेतलात, असं मी डायरीत अनेकदा लिहिलं आहे. ते खरं नाही. तुम्हाला माहीतच नव्हतं. रॉड मिलवर नेण्याआधी तुम्ही बाजेवरून विचारलं होतं, "तळाचंच घेतलं ना, बाई?" मी "हो" म्हणाले होते. ते "हो" मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.