कोशातली कळ आणि पोटातली कळ

तीर्थरूप दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. (टाके ओले आहेत, वाकता येत नाही, कागदावरच घे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? मी जिवंत आहे, पण त्यात तुझ्या मेहुण्यांचा काडीचाही वाटा नाही.

तुला ठाऊकच आहे, हे शब्दकोशाच्या कचेरीत 'क' सांभाळतात. गेल्या आठवड्यात 'कळ' हा शब्द घरी घेऊन आले. छत्रीची कळ म्हणे 'कला'पासून, भांडणाची 'कलहा'पासून, आणि पोटात येते तिचं मूळ काही केल्या यांना सापडेना. उठता-बसता तेच. (भाजीत मीठ नव्हतं, तेही कळलं नाही.) त्या दिवशी मी ओट्याला धरून ओरडले, अहो, पोटात कळ येतेय, उभं राहवत नाही! धावत आले. मला वाटलं, काही झालं तरी नवरा आहे. तर हातात कोरं कार्ड! म्हणाले, पुन्हा एकदा म्हण, शेवटचं निसटलं. यांना दाखला हवा होता, बोलण्यातला, ताजा! मी मटकन खाली बसले, तरी यांची चौकशी चालूच: कळ 'येते' म्हणायचं की 'उठते'? शेवटी शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंनी मला गाडीत घातलं. हे मागच्या सीटवर, कार्डासकट. यांना जे मूळ सापडेना, ते डॉक्टरीणबाईंनी कापून बाहेर काढलं. थोडा उशीर झाला असता तर अपेंडिक्स आतच फुटलं असतं, असं त्यांनी यांच्या तोंडावर सांगितलं. हे मान खाली घालून उभे. म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. इतकी वर्षं संसार केला, तो काय यांना दाखले पुरवायला?

टाके निघाले की मी तुझ्याकडे येतेय, कायमची. माडीवरची खोली झाडून ठेव.

तुझी संतापलेली धाकटी

ता. क. : तुझ्या छत्र्यांच्या दुकानात त्या दाबायच्या जागेला कळ म्हणतात की खटका? लगेच लिही. छपाई अडली आहे आणि तुला विचारायची यांना लाज वाटते.

ता. क. २ : काल मी नुसती जांभई दिली, तर यांनी गाडी बोलावली. खोलीची घाई नाही.

ता. क. ३ : बाकीचे सगळे अर्थ लिहून झालेत. पोटातल्या कळेचं कार्ड तेवढं कोरं आहे. विचारलं तर म्हणाले, तू सांग, मी लिहितो. मग मी सांगायला बसले, पोटातलं आणि इतक्या वर्षांचं बाकीचंही. मधे एकदाही बोलले नाहीत. लिहिलंही काही नाही. नुसते ऐकत होते.