डोंगराची माती

असल्फा, घाटकोपर
२ ऑक्टोबर १९८८

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. गणपतीला आलो नाही म्हणून रागावलीस. साकीनाक्याच्या कारखान्यात रजा मिळाली नाही, असं मी कळवलं होतं. ते खोटं होतं गं. रजा मिळाली होती, मीच घेतली नाही.

इकडे तुझी भावजय शुभा बरी आहे. ऑगस्टात मात्र चाळीमागची टेकडी खचली. दोन वर्षं पाऊस कमी, त्यात लोकांनी झुडपं जळणाला तोडली, उतार खणून भेंडी लावली. यंदा पाऊस धो धो लागला आणि शेजारच्या मथुरामावशींच्या खोलीत कमरेएवढा चिखल. माणसं वाचली. आम्ही दिवसभर घमेल्यांनी चिखल उपसत होतो. बघायला आलेला पालिकेचा माणूस म्हणाला, "गवत काढलंत, मुळं काढलीत. आता मातीला धरणार कोण?" बाकीचे त्याच्याशी भांडायला उठले. मी घमेलं भरत राहिलो. मला तुमची डोंगरावरची जमीन दिसत होती.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी आलो तेव्हा तुमचं खालचं भात सलग दोनदा करपलेलं. भावजी म्हणत होते, वरची जमीन दोन वर्षं पिकवली, आता तिला पडीक ठेवू, गवत वाढू दे. मी हसलो. म्हटलं, भावजी, पोटाला काय गवत खाणार? दगडी बांध काढा, नाचणीच्या चार ओळी जास्त बसतील. आणि आडवं कशाला नांगरता, वरून खाली सरळ नांगरा, बैलांचा फेरा वाचेल. बांधाचा पहिला दगड मीच उपटला. तू घरी होतीस, वर आम्ही दोघेच होतो. ते नको नको म्हणत होते. पण बायकोचा भाऊ मुंबईहून आलेला, त्याचा शब्द कसा मोडायचा!

त्या वर्षी पाऊस जेमतेम, म्हणून काही झालं नाही. यंदा जुलैत तीन दिवस झड लागली आणि नांगराच्या तासातासातून पाणी सुटलं. सगळा उतार खाली सुंदराबाईंच्या गोठ्यावर आला. दोन्ही बैल गाडले गेले, विहीर बुजली. वर आता नुसता कातळ उरलाय, असं तू लिहिलं होतंस. बांध कोणी काढायला लावले ते लिहिलं नव्हतंस. मला वाटलं, माझी लाज राखलीस.

गेल्या रविवारी विलेपार्ल्याला तुमच्या वाडीतला महादू भेटला. त्याच्याकडून कळलं की यंदा तुमच्या गणपतीपुढे आरतीला कोणी आलं नाही. काशीरामने हावरेपणाने डोंगर खाली आणला, असं सगळे भावजींना बोलतात. वाडीच्या बैठकीत भावजी मान खाली घालून एवढंच म्हणाले, "चूक माझी." त्या दिवशी तू बाळंत झालेल्या लेकीकडे, मालनकडे होतीस. म्हणजे ताई, बांध मी काढायला लावले हे तुलाही ठाऊक नाही; असतं तर तू त्यांना एकट्याला बोल खाऊ दिला नसतास. तुझ्या माहेरावर बोल नको म्हणून त्यांनी तुझ्यापासूनही लपवलं.

हे पत्र घरात ठेवू नकोस. वाडीला देवळात बोलाव आणि सुंदराबाईंच्या समोर, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून वाच. माझं नाव गाळू नकोस. भावजी अडवतील, तरी वाच. दसऱ्याला मी येतोय, पंधरा दिवसांची रजा घेऊन. आधी सुंदराबाईंची विहीर उपसायची आहे. त्यांनी दारात उभं केलं नाही, तरी उपसणार आहे.

तुझाच धाकटा,
रामचंद्र