निलंग्याचा गुलाब

गुहागर, श्रावणातला रविवार

निलंग्याहून आणून समुद्राकाठच्या ह्या एवढ्याशा परसात लावलेल्या गुलाबाची पानं पिवळी पडली. बाबांनी लावलेलं मूळ झाड तिकडं राहिलं नाही. फिक्या गुलाबी, घमघमणाऱ्या त्या फुलाची आता ही एकच फांदी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुळं कुजतायत. पाणी कोण घालतंय एवढं?"

कोण म्हणजे आईच. बाहेर पाऊस कोसळतोय आणि ही तांदूळ धुतलेलं पाणी गुलाबाला घालतेय. निलंग्यात सगळा जन्म पाण्याच्या टँकरच्या रांगेत गेला तिचा. मी चिडून बोलले, "आई, तू मारशील त्याला."

ती भांडं घेऊन दारातच थांबली. "मग ह्याचं काय करू? फेकवत न्हाई गं मला."

इतकं लागेल असं बोलायला नको होतं. पण झाड मेलं तर?

संध्याकाळी एकुलतं एक फूल तिनं बुद्धमूर्तीपुढं ठेवलं. घरभर निलंग्याचा वास. बुद्धवंदना म्हणताना माझं लक्ष ओट्याकडं. ते पाणी तसंच, ताटलीखाली झाकलेलं.

ती फुलापाशी बसलेली असताना मी ते ओतून टाकायला उचललं. मोरीपर्यंत गेले. भांडं तिरकं केलं, पण ओतवेना. मग परत आणून ठेवलं, वर ताटली झाकली.