देव पाण्यात

॥ श्री ॥
गौलीगुडा, हैदराबाद
१९ ऑगस्ट २०२५

ती. त्रिवेणीअक्कास,
विक्रमचा सा. न. वि. वि.

फोनवर मी पूर म्हटलं की तुला पुरी ऐकू येते, म्हणून लिहितोय.

काल सकाळी गुडघाभर पाण्यातून मारुतीच्या ओट्यावर चढलो. आबांनी ओटा चांगला उंच बांधलाय. देव कोरडा, आदल्या दिवशीचं फूलही कोरडं. रोजच्यासारखं तांब्याभर पाणी त्याच्या डोक्यावर घातलं आणि हात थबकला. शेजारी, खाली, गल्लीचा ट्रान्सफॉर्मर गळ्यापर्यंत बुडालेला. ज्याने समुद्र ओलांडला त्याला आपण उंचावर बसवलंय आणि पाण्याने मरणारं यंत्र त्याच्या पायाशी.

वीज गेली तसं समोरच्या चतुराबाईंचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. खुर्चीसकट उचलून त्यांना वरच्या कोठी भागातल्या दवाखान्यात नेलं, तोवर ओठ निळे पडले होते. आमचे शेजारी अप्पाराव मागून म्हणत होते, की विक्रमभाई, तुम्ही वीजखात्यातले, तुमच्या डब्ब्याला जरा तैरना तरी शिकवा.

पूर्वी महिनाभर पडायचा तो पाऊस आता एका दुपारी पडतो. आमच्या खात्यातल्या अनुराधा मॅडम म्हणतात, पाण्याच्या वर पक्की जागा द्या, ट्रान्सफॉर्मर तिथे चढवते. कोठीच्या चढावरून दुसरी लाईनही जोडते, म्हणजे एक बुडाली तर दुसरी चालेल. या गल्लीत अशी जागा एकच आहे. मारुती खाली आणि ट्रान्सफॉर्मर ओट्यावर, असं माझ्या मनात आहे. ओटा आबांनी माझ्या नावावर केला असला तरी तुला न विचारता हात लावणार नाही.

दाजींना नमस्कार. तुझी माझ्यावर माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझा
विक्रम


देगलूर
२७ ऑगस्ट २०२५

चि. विक्रमास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि ताटावरून उठले. गावच्या मारुतीला हात जोडल्याशिवाय शाळेची पायरी चढत नव्हतास, आणि आता देवाची बैठक डब्याला देतोस? आबा हैदराबादेत गेले तेव्हा स्वतःच्या डोक्यावरून दगड वाहून त्यांनी तो ओटा बांधला. तुझा बेत कळून तिकडून हिम्मतकाकांचा फोन आला होता. देव पायरी उतरला की घर उतरतं, म्हणाले. हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

चतुराबाईंसाठी जीव तुटतो. त्यांना पावसाळाभर माझ्याकडे आणून सोड, मी करीन त्यांचं. पण देव हलवू नकोस. मी देव्हाऱ्यातले सगळे देव पाण्यात ठेवलेत. तुझं मन फिरेपर्यंत काढणार नाही.

ओल्या कपड्यांत बसू नकोस. जेवत जा वेळेवर.

तुझी
अक्का


॥ श्री ॥
गौलीगुडा
२४ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र देवापुढे ठेवून बरेच दिवस विचार केला. चतुराबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मरेन तर माझ्या उंबऱ्याच्या आत, देगलूरला पाहुणी म्हणून नाही. आणि त्यांना तुझ्याकडे नेलं तरी बाकीच्या गल्लीला मी कुठे नेऊ?

हिम्मतकाका चौघांना घेऊन आले आणि ओट्यावर ठाण मांडून बसले. मी म्हटलं, चहा चतुराबाईंच्या घरी घेऊ. तिथे नेलं. बाईंना काकांची धड विचारपूसही करता येईना. दर शब्दाला दम लागत होता. काकांनी कप तसाच ठेवला. मत मात्र बदललं नाही. जाताना शाप दिलाच. मी वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, शाप मला लागू दे, काम थांबणार नाही.

रविवारी आंघोळ करून मारुतीला छातीशी धरून खाली आणलं. दुसरी बाजू अप्पारावांनी धरली. सदऱ्याला लागलेला शेंदूर अजून निघत नाही. खालच्या जागी त्याला बसवलं, पूजा केली आणि मग ट्रान्सफॉर्मर वर चढला.

काल पुन्हा पाणी आलं. मारुती कमरेपर्यंत बुडाला. अप्पाराव म्हणाले, आता देवालाच तैरना शिकवा. मी म्हटलं, त्याला येतं. गल्लीत दिवे होते आणि चतुराबाईंचं मशीन आमच्या ओसरीपर्यंत घरघरत होतं.

रागाव हवं तेवढं, पण माया आटू देऊ नकोस. तुझे देव मात्र आता बाहेर काढ, अक्का. देव पाण्यात ठेवायचा होता, तो मी ठेवलाय.

तुझा
विक्रम