इस्त्री करू नये

२ जून

चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र शनिवारी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीच्या पत्त्यावर आलं. नेहमीप्रमाणे आधी इस्त्रीच्या प्रेसखाली घातलं, पाठपोट चांगलं तापवलं, मग उघडलं. बाहेरून आलेली चीज तापवल्याशिवाय मी हातात घेत नाही, तुला ठाऊक आहे. वाचून मात्र माझंच डोकं तापलं.

पंधरा वर्षांची धडधाकट पोरगी चार महिने खोलीबाहेर येत नाही आणि तू दाराशी ताट ठेवून मांजरीसारखी मागे फिरतेस. शी! हे थेर आपल्या घरात कधी नव्हते. त्यापेक्षा आपले आबा परवडले. बायको गेली, ऐंशीच्या घरात आले, तरी सकाळी उठून लोकांची बिघडलेली घड्याळं उघडून बसतात. फोन वाजला की चिमणी कानावर हात ठेवून कोपऱ्यात जाते, म्हणून तू फोनच काढून टाकलास. त्याची शिक्षा मला. चौथीत शाळा सोडलेली बाई मी. पानभर लिहायचं तर ओल्या चादरी पिळल्यासारखा हात भरून येतो.

तीन वर्षांपूर्वीची साथ काय एकट्या तिलाच आली होती? गेली ती तिची आजी, तशी आपली आई होती. मी रडत बसले का? दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हॉस्पिटलच्या तळघरात मशीनसमोर उभी होते.

गेल्या मंगळवारी इथे एक नाटकच झालं. साथीत राबलेल्यांचं मन कणखर करायचं म्हणून हॉस्पिटलनं एक बाई बोलावली. गुळगुळीत आवाज, गुळगुळीत हात. आम्हा तेवीस जणींना गोल बसवलं आणि म्हणाली, डोळे मिटा आणि समुद्रकिनारा बघा. मी डोळे मिटले की किनारा दिसत नाही, पिवळ्या डागांच्या चादरी दिसतात. मग प्रत्येकीला एकेक फुगा दिला, आपलं दुःख त्यात फुंकून भरा म्हणे. आमची प्रेसवाली म्हणाली की बाई, माझं भरलं तर छप्पर उडेल. सगळ्या फिदीफिदी हसल्या. परक्या तोंडांतला वारा भरलेले तेवीस फुगे एका बंद खोलीत! मी माझा टाचणीनं फोडला आणि कामाला गेले. साथीत मास्क मागितले तर नाकं मुरडायचे, आता फुगे वाटतात. वीट आला मला ह्या गोड माणसांचा.

चिमणीला म्हणावं, मावशीला पत्र लिही. काय सलतंय ते कागदावर ओक आणि मोकळी हो. मी तुझ्या आईसारखी गोंजारणार नाही.

आबांना नमस्कार. रागावलीस तरी लोभ चालू ठेव, तो काही तुझ्या फोनसारखा काढून टाकता येत नाही.

तुझी ताई

९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडू आलं, आणि फुग्याचं वाचून हसूही आलं. आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की थोरलीची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, जन्मापासूनच जास्त पिळलेली आहे, सैल करायला जाऊ नका, तुटेल.

तू म्हणतेस लाड. लाड नाहीत गं, मला भीती वाटते. आईला तुमच्याकडच्या हॉस्पिटलात हलवलं आणि आठवड्याच्या आत मी नि आबा दोघंही तापानं फणफणलो. तेव्हा बारा वर्षांच्या ह्या पोरीनं एकटीनं आमचं केलं. हॉस्पिटलचा फोनही तिनंच घेतला. संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात उभी राहून तिनं सांगितलं की आजी गेली. तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता शेजारच्या शाळेची घंटा झाली तरी थरथरते.

मुख्याध्यापिका परवा घरी येऊन गेल्या. चांगल्या आहेत बिचाऱ्या, पण त्यांचेही हात बांधलेले. पंधराला शाळा उघडते. तीस तारखेपर्यंत चिमणी वर्गात बसली नाही तर नाव कमी होणार, म्हणजे दहावी गेलीच.

तुझा निरोप मी दाराबाहेरून दिला. चार दिवस लिहीत होती. शेंड्याला रबर असलेली ती पेनं असतात ना, घासलं की शाई जाते, त्यातलं एक आहे तिच्याकडे. पाच ओळी लिहायची, सहा खोडायची. आज पाकीट चिकटवून दाराखालून सरकवलं. मी वाचलेलं नाही. माझ्या पत्राबरोबरच टाकते आहे. ताई, चार महिन्यांत तिनं स्वतःहून केलेलं हे पहिलं काम आहे. उत्तर देताना जरा जपून, एवढंच मागते.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी धाकटी

१३ जून

चि. चिमणीस मावशीचे आशीर्वाद, वि. वि.

हा कागद ओळखलास का? तुझाच आहे. प्रेसखालून काढला, उघडला, पुढून बघितला, मागून बघितला, दिव्यासमोर धरला. एक अक्षर नाही. कोरा! कागद फुकट घालवायची मला सवय नाही, म्हणून तुझ्याच कागदावर लिहून तुझा तुला परत पाठवते.

शिसारी आली मला. तिकडे तुझी आई चार दिवस लिहीत होती म्हणून आनंदानं सांगते, आणि इकडे तू मावशीची थट्टा करतेस. मावशी अडाणी, तिला काय कळतंय, असंच ना? अगं, लोकांच्या अंगाखालची घाण उपसून माझ्या बोटांची साल गेली. तू कशाला कंटाळलीस? ताटं उचलायला?

तुझ्या आजीचं शेवटचं तोंड आपल्यापैकी एकालाही बघायला मिळालं नाही. तेवढं सोसून सगळे कामाला लागले. तू तेवढी राजकन्या.

लोभ हवा असेल तर निदान चार ओळींचे कष्ट घे. फुकट मिळत नाही तो.

मावशी

१८ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

मी कोरा कागद पाठवला नव्हता. माझ्या पेनाची शाई गरम झाली की दिसेनाशी होते. रबरानं घासल्यावर जाते ती त्या गरमीनंच. तू प्रेसखाली घातलंस आणि चार दिवसांचं सगळं गेलं.

आधी वाटलं, बरंच झालं. मग तुझं आजीच्या तोंडाचं वाक्य वाचलं आणि मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी बाहेर येऊन आबांना शाईचं सांगितलं. ते म्हणाले की गरमीनं गेलेलं गारव्यानं परत येतं का ते बघू, करून बघायला काय जातंय. कागद दोन दिवस फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. अक्षरं आली. फिकट आहेत आणि त्यांच्यावर तुझी आहेत. आबांनी वाचलं नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता.

तोच कागद पुन्हा पाठवते. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, इस्त्री करू नये.

एक विचारू? रागावू नकोस. साथ संपून इतके दिवस झाले, मग तू आमची पत्रं का भाजतेस?

लोभ असो, कष्ट घेतले आहेत.

चिमणी

(सोबतचा कागद. मावशीच्या अक्षरांखाली, फिकट शाईत.)

मावशी, हॉस्पिटलचा फोन संध्याकाळी आला नव्हता. सकाळी साडेनऊला आला. त्या बाईंनी विचारलं की घरात मोठं कुणी आहे का. मी म्हणाले, मीच मोठी आहे. आईला एकशे चार ताप होता, आबा बरळत होते. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर आईपण जाईल. म्हणून गप्प बसले. दिवसभर पट्ट्या बदलल्या. आईनं मधेच आजी कशी आहे म्हणून विचारलं. मी म्हणाले, बरी आहे. असं दोनदा म्हणाले. संध्याकाळी ताप उतरला तेव्हा सांगितलं, तोवर आजीला नेलंसुद्धा होतं.

तू त्याच इमारतीत खाली होतीस. मी सकाळी तुला कळवलं असतं तर तुला तिला बघता आलं असतं. तुझी आई होती ती. माझ्यामुळे राहिलं. शाळेत सगळे हसतात, बोलतात, आणि मला वाटतं की माझ्या तोंडाला अजून त्या ‘बरी आहे’चा वास येतोय. मला माझीच घाण वाटते. आईला सांगू नकोस.

२२ जून

चि. चिमणीस मावशीचे आशीर्वाद, वि. वि.

पाकीट आलं. पोस्टमननं सगळ्या लॉन्ड्रीसमोर मोठ्यानं वाचलं, इस्त्री करू नये. प्रेसवालीनं विचारलं, आत काय पापड आहेत का? सगळ्या हसल्या. दीड दिवस ते तसंच टेबलावर पडून होतं. हात पुढे केला की अंगावर काटा यायचा. शेवटी उघड्या हातानं फाडलं.

तुझी अक्षरं आणि माझी, एकमेकांच्या उरावर बसलेली. खाली तू लिहितेस की तुला तुझी घाण वाटते, आणि त्यावर माझं ठसठशीत, शिसारी आली मला. बॉलपेन मेलं जातही नाही.

आता मी लिहिते ते नीट वाच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आई अकरा दिवस तिसऱ्या मजल्यावर होती, मी तळघरात. मधे चार जिने. सिस्टर दोनदा खाली येऊन म्हणाली की म्हातारी विचारते आहे, काचेतून तरी बघून जा. मी म्हणाले, मशीन चालू आहे, सोडता येत नाही. मशीन बंद होतं, चिमणे. मला मरायची भीती वाटत होती. बाकी काही कारण नाही.

आणि पुढचं ऐक. आईला भरती केलं त्या दिवशी अर्जावर फोन नंबर विचारला. त्याच हॉस्पिटलात काम करणारी मी, माझाच द्यायला हवा होता. पण माझा दिला असता तर काही झालं की मला वर बोलावलं असतं. म्हणून मी तुमच्या घरचा दिला. तुझी आई तेव्हा खणखणीत होती, ती बघेल, असं मनाला सांगितलं. तुमच्याकडे दोघं आजारी पडल्याचं कळलं तेव्हाही जाऊन नंबर बदलला नाही.

तो फोन तुझा नव्हताच. माझा होता. मी तो बारा वर्षांच्या पोरीच्या कानात ढकलला आणि वर तुला राजकन्या म्हणाले. आपलं ठेवावं झाकून नि दुसऱ्याचं बघावं वाकून, ते हे.

तू सकाळी साडेनऊला कळवलं असतंस तरी मी वर गेले नसते. हे लिहिताना मला ओकारी येतेय, पण खरं आहे. माझं काही राहिलं ते तुझ्यामुळे नाही. तू तर तापलेल्या आईच्या उशाशी दिवसभर बसलीस. मी काचेपर्यंतसुद्धा गेले नाही. ती गेली त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरून साथीच्या चादरींची लाल पिशवी खाली आली. मी तोंड फिरवून ती मशीनमध्ये रिकामी केली. संध्याकाळी तुझ्या आईचा फोन आला तेव्हा कळलं की तिच्यात कुणाची चादर असणार. तेव्हापासून हाताला येईल ते भाजते. तू विचारलंस म्हणून सांगितलं. भाजून काही जात नाही.

घाण वाटायचीच तर माझी वाटू दे, मी सोशीन. पण स्वतःची वाटून घेतलीस तर येऊन कान पिळीन. मन घट्ट कर असं आता सांगणार नाही. माझं घट्टच आहे, आत काय कुजलंय ते तू बघितलंस.

तुझ्या आईला सांग. तुझंही आणि माझंही. मला शिव्या द्यायच्या तर देऊ दे. आणि तीस तारखेच्या आत वर्गात जाऊन बस. घंटेला थरथरलीस तर थरथर. ओकलीस तर ओक. पुसता येतं ते. मी जन्मभर तेच केलं आहे.

लोभ मागायला मला तोंड नाही. उरला असेल तर कळव.

मावशी

३० जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आईला दोन्ही सांगितलं. माझं ऐकून तिनं मला इतकं आवळलं की श्वास कोंडला. तुझं ऐकून ती उठून शिवणाच्या मशीनवर बसली आणि दोन दिवस मशीनच चालवत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली की ताईला लिही, मी अजून रागावलेली आहे, किती दिवस रागावणार ते माहीत नाही, पण ती एकटी राहते, तर वेळेवर जेवते का ते विचार. आबांनीही सगळं ऐकलं. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचे काटे उलटे बसवले.

आज वर्गात जाऊन बसले. शेवटचा दिवस होता. पहिली घंटा झाली तेव्हा बाक दोन्ही हातांनी धरून ठेवला. दुसऱ्या तासाला ओकले, सगळ्यांसमोर. मागची एक मुलगी शी म्हणाली. झाडलोट करणाऱ्या मावशी बादली घेऊन आल्या, तर मी म्हणाले, मी पुसते. त्या म्हणाल्या, अर्धं तू पूस, अर्धं मी. पुसलं आणि परत बसले. नाव राहिलं. उद्याचं काही सांगता येत नाही.

हे आईच्या बॉलपेननं लिहिलंय. दोन ठिकाणी चुकलं ते तसंच ठेवलं आहे. पाकिटावर ह्या वेळी पत्त्याखेरीज मुद्दाम काही लिहिलेलं नाही.

लोभ उरला आहे.

चिमणी